आवडते जाझ ध्वनिमुद्रण दुसऱ्याला ऐकायला देताना: मूळ अल्बम की संपूर्ण संच?

मध्यलय

जाझची आवड असलेली माणसे एकमेकांना आपली लाडकी ध्वनिमुद्रणे ऐकायला देतात, तेव्हा हल्ली एक गोष्ट हमखास होते. ज्याला एक अल्बम ऐकायचा असतो त्याच्या हाती 'संपूर्ण संच' ठेवला जातो. त्यात एकाच रचनेचे दोन-तीन टेक (म्हणजे ती रचना पुन्हा पुन्हा वाजवून केलेली मुद्रणे) असतात, मध्येच सोडून दिलेल्या सुरुवाती असतात, स्टुडिओतले बोलणे असते आणि या गर्दीत कुठेतरी तो मूळ अल्बमही असतो. माझे मत स्पष्ट आहे. देणाऱ्याने अल्बम पहिल्यांदा जसा प्रसिद्ध झाला तसा, त्याच क्रमाने आणि तेवढाच द्यावा. बाकीचे ज्याला हवे असेल तो पुढे शोधून ऐकेल.

पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीचे, म्हणजे तिघांच्या वाद्यमेळाचे, उदाहरण घेऊ. २५ जून १९६१ रोजी, एका रविवारी, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जाझ क्लबमध्ये एव्हान्स, बासवादक स्कॉट लाफारो आणि ड्रमवादक पॉल मोशन यांनी दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठका वाजवल्या. पुढे अकरा दिवसांतच लाफारो मोटार अपघातात गेला, तेव्हा तो अवघा २५ वर्षांचा होता. त्यानंतर 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' हा अल्बम तयार झाला तो लाफारो ठळकपणे ऐकू यावा अशा निवडीने. म्हणूनच तो सुरू होतो लाफारोच्या 'ग्लोरियाज स्टेप'ने आणि संपतो त्याच्याच 'जेड व्हिजन्स'ने. ही मांडणी म्हणजे मित्राला वाहिलेली आदरांजली आहे. पाचही बैठका सलग लावल्या की संगीत तेच राहते, पण आदरांजली नाहीशी होते.

दुसरे उदाहरण पियानोवादक थेलोनियस मंकच्या 'ब्रिलियंट कॉर्नर्स' या अल्बमचे. ऑक्टोबर १९५६ मध्ये त्या शीर्षकरचनेचे सुमारे २५ टेक झाले आणि त्यांतला एकही धडपणे शेवटपर्यंत गेला नाही. निर्माता ओरिन कीपन्यूजने निरनिराळ्या टेकांची फीत कापून आणि जोडून आज आपण ऐकतो ती रचना उभी केली. म्हणजे त्या वादकांनी ती रचना त्या रूपात एका दमात कधी वाजवलीच नव्हती, ती अस्तित्वात आली तीच तबकडीवर. असे असताना तबकडी म्हणजे वादनाची केवळ नोंद आहे असे कसे म्हणता येईल?

खर्ज

मध्यलय यांनी नेमकी निवडलेली उदाहरणे प्रभावी आहेत, परंतु त्यांतून निघणारा नियम मला मान्य नाही. जाझमध्ये रचना हे निमित्त असते आणि त्या क्षणी वादकाला काय सुचले हा खरा मजकूर असतो. एकच टेक ऐकणाऱ्याला ते सुचणे दिसतच नाही, कारण प्रत्येक सूर जणू आधीपासून ठरलेला होता असे त्याला वाटत राहते. दुसरा टेक ऐकल्यावर, त्याच सुरावटींवर (म्हणजे चालीखाली साथीला वाजणाऱ्या कॉर्ड्सच्या क्रमावर) त्याच माणसाने काही मिनिटांच्या अंतराने वेगळी वाट कशी धरली हे कळते, आणि जाझ म्हणजे काय हे माझ्या मते तिथे उमगते.

सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या 'को-को'चे २६ नोव्हेंबर १९४५ चे ध्वनिमुद्रण पाहा. पहिल्या टेकमध्ये पार्कर आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी ती अवघड सुरुवात वाजवतात आणि तिथून थेट 'चेरोकी' या लोकप्रिय गाण्याच्या चालीत शिरतात. मग कोणीतरी त्यांना थांबवते आणि टेक तुटतो. प्रसिद्ध झालेल्या टेकमध्ये ती चाल अजिबात नाही. सुरुवातीनंतर पार्कर एकदम आपल्या सोलोत, म्हणजे एकट्याच्या उत्स्फूर्त वादनात, उडी घेतो आणि खाली फक्त 'चेरोकी'ची सुरावट उरते. बीबॉप या पार्कर-गिलेस्पींच्या जाझ-शैलीत जुन्या गाण्याचा सांगाडा ठेवून वरची चाल टाकून देत, हे वाक्य आपण पुस्तकात कितीही वेळा वाचू शकतो. पण तो अर्धवट टेक आणि त्यामागून पूर्ण टेक ऐकला की ती गोष्ट कानांसमोर घडते. एखाद्या नव्या श्रोत्याला मी हे दोन्ही टेक द्यायचे नाहीत का?

मूळ प्रसिद्ध झालेले तेच खरे, या समजुतीला तर न्यूपोर्टच्या जाझ महोत्सवाचे उदाहरण पुरेसे आहे. ७ जुलै १९५६ च्या रात्री ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात पॉल गोन्साल्व्हेसने 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू'च्या दोन भागांमध्ये टेनर सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनांचा सोलो वाजवला आणि प्रेक्षक खुर्च्या सोडून उठले. कोलंबिया कंपनीने त्याच वर्षी जो अल्बम काढला त्यात बराचसा भाग दोन दिवसांनी स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतलेला होता आणि वर टाळ्यांचा आवाज चढवलेला होता. गोन्साल्व्हेसचा सोलो त्या रात्रीचाच होता, पण तो कोलंबियाच्या मायक्रोफोनऐवजी व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिल्यामुळे अल्बमवर तो दूर कुठेतरी वाजत असल्यासारखा येतो. पुढे व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या फिती सापडल्या आणि १९९९ मध्ये दोन्ही ध्वनिमुद्रणे जुळवून जो संच निघाला, त्यात तो सोलो पहिल्यांदा समोर येऊन उभा राहिला. मध्यलय, आपल्या नियमाने मी मित्राला चढवलेल्या टाळ्यांचा अल्बम द्यायचा आणि खरी रात्र त्याच्यापासून लपवायची, असे होते.

पूर्वसूर

मी मध्यलय यांच्या बाजूचा आहे, मात्र माझे कारण वेगळे आहे. वादकाने जे नको म्हणून बाजूला ठेवले ते त्याच्या पश्चात उघडे करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न मला कायम टोचतो. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने 'अ लव्ह सुप्रीम' हा अल्बम ९ डिसेंबर १९६४ रोजी आपल्या चौघांच्या संचात वाजवला. दुसऱ्या दिवशी सॅक्सोफोनवादक आर्ची शेप आणि बासवादक आर्ट डेव्हिस यांना सोबत घेऊन त्याने पहिला भाग पुन्हा वाजवून पाहिला, आणि ते टेक वापरले नाहीत. त्या अल्बमचा शेवटचा भाग 'साम' (Psalm, म्हणजे स्तोत्र) हा तर वेष्टनावर छापलेल्या त्याच्या स्वतःच्या कवितेवर बेतलेला आहे. कविता समोर धरून ऐकले तर सॅक्सोफोन ती ओळीने म्हणत जातो हे सहज ध्यानात येते. जी कलाकृती कवितेच्या शेवटच्या शब्दावर संपावी म्हणून रचली, तिच्यामागे लगेच सहाजणांचे टाकून दिलेले टेक वाजू लागले तर श्रोत्याच्या मनातली ती शांतता मोडते. २००२ च्या विस्तारित आवृत्तीत ते टेक वेगळ्या तबकडीवर आहेत हे मला ठाऊक आहे, पण देणारा माणूस सगळे एकत्रच देतो, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे.

खर्ज

पूर्वसूर यांचा मुद्दा गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तरही सविस्तर देतो.

वादकाची इच्छा हाच निकष मानायचा, तर 'मूळ प्रसिद्ध झालेले' हा मध्यलय यांचा निकष त्याच्याशी जुळत नाही. २९ जुलै १९४६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये डायल कंपनीसाठी पार्करने 'लव्हर मॅन' वाजवले, तेव्हा तो शरीराने आणि मनाने पुरता कोलमडलेला होता. सुरुवातीच्या पियानोनंतर त्याने जिथे यायला हवे तिथे तो येतच नाही. उशिरा येतो, आणि सूर तुटत तुटत बाहेर पडतात. त्यानंतर त्याला कित्येक महिने कॅमारिलोच्या रुग्णालयात राहावे लागले. कंपनीने ते ध्वनिमुद्रण बाजारात आणले आणि पार्करला ते कधीही रुचले नाही. हे ध्वनिमुद्रण त्याच्या हयातीत, रीतसर, मूळ तबकडी म्हणून प्रसिद्ध झालेले आहे. अर्थात मूळ तबकडी म्हणजे वादकाची निवड, असे समीकरण मांडता येत नाही. पुष्कळदा ती कंपनीची निवड असते, आणि कंपनीने तेव्हा काय विचार केला याला आपण आज शास्त्रवचनाचा मान का द्यावा?

कोल्ट्रेनच्या 'जायंट स्टेप्स'मधल्या टॉमी फ्लॅनगनचाही विचार करा. १९५९ च्या मे महिन्यातल्या त्या टेकमध्ये कोल्ट्रेन भरधाव निघून जातो आणि फ्लॅनगनचा पियानो-सोलो काही ओळींतच अडखळून सुट्या सुरावटींवर येतो. दर दोन मात्रांना बदलणारी ती सुरावट एवढ्या वेगात हाताळणे तेव्हा कोणालाही अवघड होते. प्रसिद्ध टेक तेवढाच पवित्र मानला तर एक थोर पियानोवादक त्या अडखळण्यात कायमचा अडकून पडतो. मी ती रचना कोणाला देतो तेव्हा त्यामागोमाग फ्लॅनगनने १९८२ मध्ये आपल्या त्रयीबरोबर केलेले त्याच रचनेचे ध्वनिमुद्रणही देतो. तिथे तोच माणूस तीच वाट सहज चालून जातो.

मध्यलय

फ्लॅनगनचे १९८२ चे ध्वनिमुद्रण द्यायला माझी मुळीच हरकत नाही, कारण तो स्वतंत्र, पूर्ण आणि त्याने मनापासून केलेला अल्बम आहे. माझा आक्षेप उरलेसुरले भरून केलेल्या जाडजूड संचाला आहे.

न्यूपोर्टबाबत मी एवढेच म्हणेन की यंत्राची चूक सुधारणे आणि कलाकृतीत भर घालणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमची पहिली बाजू २ मार्च १९५९ रोजी मुद्रित झाली, तेव्हा मुख्य यंत्र किंचित संथ फिरत होते. त्यामुळे 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन' या तिन्ही रचना तबकडीवर मूळ स्वरापेक्षा जराशा चढ्या वाजत राहिल्या. तबकडीबरोबर स्वतःचे वाद्य जुळवू पाहणाऱ्याला ती चूक जाणवत असे. १९९२ च्या आवृत्तीत राखीव फितीवरून तिचे निवारण झाले. ही सुधारित आवृत्तीच मी देतो, कारण माइल्स आणि त्याच्या साथीदारांनी त्या दिवशी वाजवलेला स्वर तीत आहे. अल्बमची रचना, क्रम आणि लांबी यांना तिने हात लावलेला नाही. चढवलेल्या टाळ्या काढून खरी रात्र समोर आणणेही मी याच खात्यात धरतो. मात्र एव्हान्सच्या पाच बैठका सलग लावणे त्या खात्यात बसत नाही.

रेघोटी

ही सारी चर्चा लाँगप्ले तबकडीच्या काळाची आहे, असे मला नम्रपणे सुचवायचे आहे. १९४८ मध्ये ती तबकडी येण्याआधीच्या जाझला अल्बमचा हा न्याय लावताच येत नाही. तेव्हा दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत, आणि फीत नसल्यामुळे कापाकापीचा प्रश्नच नव्हता. ११ ऑक्टोबर १९३९ रोजी सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सने 'बॉडी अँड सोल' वाजवले, त्यात मूळ चाल तो पहिल्या काही ओळींतच मागे टाकतो आणि उरलेला वेळ सलग स्वतःचे वाजवतो. ते एवढे गोळीबंद झाले यात त्या तीन मिनिटांच्या मर्यादेचाही वाटा आहे.

त्या काळासाठी खरा वाद टेकांचा नसून सफाईचा आहे. जुन्या तबकड्यांची खरखर काढण्याच्या भरात कित्येक आवृत्त्यांत झांजेचा झणत्कार आणि ट्रम्पेटची धारही पुसली जाते. लुई आर्मस्ट्राँगच्या 'वेस्ट एंड ब्लूज'च्या, २८ जून १९२८ च्या, सुरुवातीला तो एकट्यानेच ट्रम्पेटवर जे उंच चढून खाली उतरतो, ते अति स्वच्छ केलेल्या आवृत्तीत गुळगुळीत ऐकू येते. ज्याला खरखर सहन होत नाही त्याने आधी खरखरीचीच आवृत्ती मोठ्या आवाजात दोनदा ऐकावी. कान पाच मिनिटांत सरावतो. ध्वनिमुद्रण देताना ते कोणत्या तबकडीवरून आणि कोणी उतरवले आहे हे सांगणे मला टेकांच्या संख्येपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

पूर्वसूर

रेघोटी यांच्याशी सहमत आहे. खर्ज यांना मात्र एक विचारायचे आहे. डीन बेनेडेट्टी हा पार्करचा असा भक्त होता की १९४७-४८ मध्ये तो क्लबांतून केवळ पार्करचे सोलो मुद्रित करी आणि दुसरा कोणी वाजवू लागला की यंत्र बंद करी. १९९० मध्ये ते सारे प्रसिद्ध झाले. असे तुकडे आपण एखाद्या जाणकार मित्रालाही आनंदाने देऊ शकाल का?

खर्ज

नव्या श्रोत्याला देणार नाही, जाणकाराला अवश्य देईन, कारण पार्कर एरवी स्टुडिओत तीन मिनिटांसाठी जे आवरून धरत असे ते क्लबमध्ये मोकळे सोडत असे आणि त्याचा पुरावा त्या तुकड्यांत आहे. माझी तक्रार बेनेडेट्टीने जे मुद्रित केले त्याबद्दल नाही, त्याने यंत्र बंद केले याबद्दल आहे. १९४७ च्या वसंतात त्याने जे मुद्रित केले तिथे पार्करबरोबर ट्रम्पेटवर हॉवर्ड मॅगी होता, आणि त्याने पार्करच्या ओळीला काय उत्तर दिले हे आता आपल्याला कधीही कळणार नाही. म्हणूनच व्हॅनगार्डच्या २००५ च्या संपूर्ण संचाचे मोल मला एवढे वाटते. त्यात 'ग्लोरियाज स्टेप'चा पहिला टेक वीज गेल्यामुळे मध्येच तुटतो आणि तो तसाच ठेवला आहे. मध्यलय यांनी तो टेक एकदा लाफारोच्या बासकडे कान देऊन ऐकावा आणि मग, मूळ अल्बममध्ये निवडलेला टेक त्याहून सरस का, हे इथे लिहावे.

मध्यलय

तो टेक मी ऐकला आहे. लाफारो त्यात अधिक धाडसी आहे, पण तिघांचा मेळ निवडलेल्या टेकमध्ये अधिक घट्ट बसतो, विशेषतः एव्हान्सची ओळ संपता संपता बास वर येतो त्या जागी. आपल्याला मेळापेक्षा धाडस मोलाचे वाटत असेल तर आपण आपल्या मित्राला संपूर्ण संच द्यावा. मी मात्र 'संडे' पुढे ठेवीन आणि 'जेड व्हिजन्स' संपल्यावर त्याने स्वतःहून विचारले, तरच बाकीच्या बैठका देईन.