'एक झाला म्हणून तूही होशील' हे पोरांना सांगणं बंद करा

पेठेतला_माजी:
काल ग्रुपवर पोस्ट आली, 'रिक्षावाल्याचा पोरगा यूपीएससी काढतो, मग तू का नाही?' डोकंच फिरलं. जालन्याच्या अन्सार शेखने २१ व्या वर्षी ३६१ वी रँक काढली, त्याच्याबद्दल आदरच आहे, पण त्यावरून एवढंच कळतं की हे होऊ शकतं, कितीजणांचं होतं ते कुठे कळतं? २०२२ ला प्रिलिमला, म्हणजे पहिल्या चाळणी परीक्षेला, ५,७३,७३५ जण बसले, शेवटी निवड ९३३. हजारात दोनसुद्धा नाहीत. मी सहा वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत भाड्याच्या कॉटवर काढली, खोलीतल्या चौघांपैकी एकाचंही झालं नाही. आमच्यावर कोण पोस्ट लिहितंय?

ध्येयवेडी:
घाबरवू नका हो पोरांना. त्या वर्षी अर्ज ११ लाखांवर होते, निम्मे आलेच नाहीत, आलेल्यांतले कितीतरी नुसता पेपर बघायला येतात. रोज बारा तास बसणाऱ्याला त्यांच्यात मोजायचं? आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड बघितलं नव्हतं. असं काही होऊ शकतं हेच माहीत नव्हतं आम्हाला!

गणिताची_मॅडम:
मग पुढचंही मोजा. प्रिलिम १३,०९० जणांची निघाली, त्यांच्यातून ९३३ म्हणजे शंभरात सात. तिथे आकडा बदलतो, मान्य. पण तीनदा प्रिलिम गेलेला पोरगाही स्वतःला त्या सातातच धरतो, त्याचं काय?

कॉट_नंबर_४:
आकडे राहू द्या, डिपॉझिटचं बोला. एका खोलीत सहा कॉट, रविवारी रात्री मेस बंद, आणि जाताना मालक म्हणतो रंग खराब केला. मेसवाले पण तसलेच, डाळीत पाणी की पाण्यात डाळ.

डबेवालीचा_मुलगा:
तोंड सांभाळून. माझी आई १४ वर्षं मेस चालवते, पहाटे चारला उठते. तीन-तीन महिने उधारी ठेवून रातोरात गावाला गेलेत लोक, ते नाही दिसत तुम्हाला?

कॉट_नंबर_४:
सगळ्यांना नाही म्हटलं मी. पण आमचा मेसवाला तसाच होता, हे मागे घेणार नाही.

डबेवालीचा_मुलगा:
आणि धाग्याचंच बोलायचं तर आमच्या भिंतीवर दोन पोरांचे फोटो आहेत, निकालानंतर पेढे घेऊन आलेले. नवीन पोरगा आला की आधी तेच बघतो. बाकीच्यांची नावं उधारीच्या वह्यांत आहेत. अकरा वह्या झाल्या.

ध्येयवेडी:
वह्यांचं पटलं. पण फोटो उतरवू नका, मी तसलाच एक बघून पुण्याला आले.

पेठेतला_माजी:
उतरवा कोण म्हणतंय? ॲडमिशन घेताना वह्या पण दाखवा, एवढंच म्हणतोय सकाळपासून.