भाज्याच्या लेण्यातल्या वाद्याला तबला म्हणावं का?

प्रश्न (ठेका_दुगुन): लोणावळ्याजवळच्या भाज्याच्या विहारातल्या (भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यातल्या) शिल्पात एक बाई नाचतेय, दुसरी ताल धरतेय. 'दोन हजार वर्षांपूर्वीचा तबला' म्हणून तो फोटो सगळीकडे फिरतो. हे कितपत खरं?

पखवाजप्रेमी: जोडीनं वाजणारं चामडी वाद्य, इथवर ठीक. तबला म्हणजे दायाँ-बायाँ (उजव्या-डाव्या हाताची दोन वाद्यं), दोन्हींवर कायमची शाई, म्हणजे चामड्यावरचा काळा लेप. त्याचे स्पष्ट पुरावे अठराव्या शतकाच्या आसपासचे. जुन्या जोडवाद्यांसाठी नाट्यशास्त्रातलं पुष्कर बघा. त्याचे तीन भाग: आंकिक मांडीवर आडवा, हिरड्याच्या आकाराचा, ऊर्ध्वक उभा, जवासारखा मध्ये फुगीर, आलिंग्य गायीच्या शेपटासारखा निमुळता. बदामीच्या पहिल्या लेण्यातल्या नटराजाजवळचा वादक उभ्या वाद्यांवर वाजवतोय, ती याच कुळातली.

मातीचा_लेप: शाईबद्दल थोडी भर. पुष्कराला लेप होता, पण दर वेळी नव्यानं लावायचा. आंकिकाच्या डाव्या तोंडाला आणि ऊर्ध्वकाला. माती नदीकाठची, काळसर. खडे, वाळू, गवत, तूस काहीच नको. चामड्याच्या मध्यावर वजन वाढलं की स्वर उतरतो, एवढंच त्यामागचं गणित. माती नसेल तर गहू-जवाचं पीठ चालेल, असं नाट्यशास्त्रात म्हटलंय, पण त्यानं आवाज एकसुरी होतो, हा दोषही तिथंच नोंदवलाय. पखवाजाच्या धुमेला (डाव्या, खर्जाच्या तोंडाला) आजही कणीक लावतात ती याच कामासाठी. सैल मळली तर थाप पडताच सरकते; वाळली की वजन घटून स्वर चढतो, मग पाण्याचा हात फिरवावा लागतो. आणि हा लेप दगडात कोरलेला दिसण्याची आशाच नको. त्यामुळे 'शाई दिसते' असं कुणी म्हणालं तर ती झीज किंवा सावली असण्याची शक्यता जास्त.

ठेका_दुगुन: मग प्रत्यक्ष जाऊन नेमकं काय बघू?

पखवाजप्रेमी: वाद्यं किती, उभी की आडवी, कशाच्या आधारानं धरलीत, हातात काठी आहे की पंजा मोकळा. मोकळा असेल तर बोटं पसरलीत की जुळलीत. लेणी पश्चिमाभिमुख, म्हणून दुपार कलल्यावर जा. तिरप्या उजेडात कडा उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट होतं, आणि फिरणारे फोटो बहुतेक तसेच.

करण_अंगहार: नाचणारीला घाईनं एखाद्या करणाचं नाव देऊ नका. करण म्हणजे हातापायांची जुळलेली हालचाल, शिल्पात तिचा एकच क्षण असतो. चिदंबरमच्या गोपुरात आकृतींसोबत नाट्यशास्त्रातले श्लोक कोरलेत, म्हणून तिथं ओळख पटते. भाज्यात तशी सोय नाही.