घरातली मारहाण आणि गावातला समझोता: समितीने यात पडावं का?

उंबरठा
महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ पासून चालू आहे. बांधाचे, वाटेचे वाद गावातच मिटतात ते उत्तमच. पण नवऱ्याने बायकोला मारलं की तेही प्रकरण तंटामुक्ती समितीच्या त्याच बैठकीत घेतात आणि 'टाळी एका हाताने वाजत नाही' म्हणत दोघांनाही समज देतात. माझं स्पष्ट मत: मारहाणीत समितीने किंवा महिला मंडळाने समझोता घडवू नये.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालच्या २००६ च्या नियमांत समुपदेशनाची पद्धत दिली आहे. मारहाणीचं समर्थन करणारं काहीही नवऱ्याला बोलू द्यायचं नाही, आणि हे त्याला आधीच बजावायचं. आपल्या बैठकीत पहिला प्रश्न काय असतो? 'ती असं काय बोलली होती?'

मग येतो स्टॅम्प पेपर. वर 'यापुढे मारणार नाही', खाली 'माझी आता कुणाविरुद्ध तक्रार नाही'. वरचं वाक्य मोडलं तर समितीच्या हातात काही नाही. खालचं वाक्य मात्र पुढे नवऱ्याचा वकील कोर्टात दाखवतो.

पारावरून
कागदावर सगळं बरोबर. पण बहुतेक बायकांना नवरा तुरुंगात नको असतो, मार थांबायला हवा असतो. या कायद्याखाली बाईला मदत करणारे सरकारी संरक्षण अधिकारी बसतात तालुक्याला. त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं पहिली सुनावणी साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत. इथे समन्स बजावण्यातच महिने जातात. एसटीचं तिकीट अर्धं झालं, पण तारखेला बुडालेली मजुरी कोण देणार? आणि रात्री झोपायचं त्याच घरात. भावकीतला चुलता दारात येऊन दटावतो तेव्हा चार महिने तरी हात उचलला जात नाही. ते चार महिने तुमच्या मते काहीच नाहीत का?

मधली_सुट्टी
पारावरून +१. ठाण्यात गेलं तरी आधी 'घरचं प्रकरण आहे, मिटवून घ्या' हेच ऐकायला मिळतं. मग गावानेच मिटवलेलं काय वाईट?

कलमदान
दोन गोष्टींची गल्लत होते आहे. नवऱ्याच्या क्रूरतेचा फौजदारी गुन्हा वेगळा (पूर्वी ४९८अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५). २००५ च्या कायद्यात मागायचे ते आदेश असतात: मारू नको (कलम १८), घराबाहेर काढू नको (१९), खर्च दे (२०), मुलांचा तात्पुरता ताबा (२१). घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. निकालापर्यंत थांबावं लागत नाही. कलम २३ खाली शपथपत्रावर अंतरिम आदेश मिळतो, गरज पटली तर नवरा हजर नसतानाही. बरेच अर्ज रखडतात ते यामुळे की अंतरिम अर्ज मुळात जोडलेलाच नसतो. संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१: १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चुलत्याच्या दटावणीमागे असं काय आहे?

वकील तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो. बाईसाठी उत्पन्नाची अट नाही.

पारावरून
मग एका थोबाडीतलाही डीआयआर भरायचा?

कलमदान
तिची इच्छा असेल तर भरायचा. डीआयआर म्हणजे घटनेचा अहवाल, एफआयआर नव्हे. नुसत्या त्यावर अटक होत नाही. पण संरक्षण अधिकाऱ्यांकडून त्याची प्रत दंडाधिकारी आणि पोलीस ठाण्याकडे जाते. घरी कळू शकतं, हे तिला भरण्याआधी सांगा. हे लपवलं की ती पुन्हा मंडळाकडे फिरकत नाही.

ओसरी
वाद चालू द्या, मंडळांसाठी कामाचं लिहिते.

तिच्याशी एकटीशी बोला, सासू ओट्यावर बसलेली असताना नाही. चार गोष्टी विचारा: गळा आवळला का, हत्यार उगारलं का, जिवे मारायची धमकी दिली का, ती गरोदर आहे का. एकाचं जरी उत्तर 'हो' असेल तर बैठकीचा विषय संपला. गळा आवळल्याचे वळ बरेचदा दिसतच नाहीत, म्हणून तो प्रकार हलका समजला जातो. लगेच दवाखाना, आणि ११२ (पोलीस) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन). सखी केंद्रात (अत्याचार सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) ५ दिवसांपर्यंत राहता येतं. पुढची सोय त्याच दिवशी शोधायला लागा.

दवाखान्यात 'पडले' सांगितलं की केसपेपरवर तेच राहतं, आणि जखम पडल्यासारखी नसली तरी पुढे कोर्टात तो कागद तिच्याच विरोधात जातो. कोणी, कशाने, कुठे मारलं ते सांगून एमएलसी (पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय नोंद) करायला लावा.

आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा फोटो, दागिन्यांच्या पावत्या यांच्या प्रती शेजारी ठेवा. जखमांचे फोटो विश्वासातल्या बाईला पाठवून मार खाणाऱ्या बाईच्या स्वतःच्या फोनमधून पुसा. बहुतेक घरांत फोन नवरा तपासतो.

मारहाण चालू असेल तर दोघी-तिघींनी मिळून कडी वाजवा, साखर मागा, काहीही मागा. आत शिरू नका, दारू प्यायलेल्याशी हुज्जत नको.

पाटीपेन्सिल
मुलांबद्दल कुणीच बोललं नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सोमध्ये (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा) समझोत्याला जागाच नाही. माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा, ६ महिन्यांपर्यंत कैद. 'मुलीची बदनामी नको' म्हणून मिटवणारी समिती स्वतः आरोपी होऊ शकते. मुलाला पाच जणांनी पाचदा विचारू नका. जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा पोलिसांना कळवा. जबाब घरी घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत, असं कायदाच सांगतो.

आणि बाई रात्री मुलांना मागे ठेवून निघाली तर ताब्याचा अर्ज लगेच करा. नाहीतर मूल हाच सासरचा हुकमी एक्का होतो.

पारावरून
पोक्सोवर वाद नाही. पण बाकीच्यात गाव बाजूला ठेवून चालणार नाही, यावर मी ठाम आहे. आदेश कोर्टातून आणा, पाळला जातो की नाही ते समितीने बघावं. पोलीस काही रोज वस्तीवर येत नाहीत.

उंबरठा
बघा की. आदेशाची प्रत तिला फुकट मिळते, ठाण्यालाही जाते. तिची हरकत नसेल तर एक झेरॉक्स समितीकडे ठेवा. आदेश मोडला की त्याच दिवशी ठाण्यात फोन. त्याला पुन्हा बैठकीला बोलवायचं नाही.

पारावरून
एकदा तरी बोलवावं लागेल. अध्यक्ष त्याच्याच भावकीतला असतो, हे तुम्ही धरतच नाही.

ओसरी
धरलंय. म्हणूनच फोन अध्यक्षाने नाही, मंडळाच्या बाईने करायचा.