टायमिंग चेन बदलली, पण इनटेकची खूण अर्धा दात मागे. मदत हवी आहे

एसयूव्ही, 2.4 लिटर पेट्रोल, चार सिलेंडर, डबल ओव्हरहेड कॅम, फक्त इनटेकला व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा). 1.4 लाख किमी. सकाळी पहिल्या स्टार्टला खडखड आणि पी0016 कोड (क्रँक आणि कॅमचा मेळ नाही असं सांगणारा) यायचा. इंजिन गाडीतच आहे, फ्रंट कव्हर उघडं.

चेन, दोन्ही गाइड, टेन्शनर (चेन ताणून धरणारा) आणि क्रँक स्प्रॉकेट नवीन. फेजर (व्हीव्हीटीचा इनटेक कॅमवरचा भाग, जो कॅम पुढेमागे फिरवतो) जुनाच. दोन्ही चेन खिळ्याला शेजारी टांगून पाहिल्या. कड्या सारख्याच, जुनी 6 मिमी लांब.

टेन्शनरची पिन काढून पान्याने क्रँक दोन फेरे फिरवला, घड्याळाच्या दिशेनेच. एक्झॉस्टची खूण तंतोतंत. इनटेक अर्धा दात मागे. टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) प्लगच्या भोकातून डायल गेजने तपासला, बरोबर आहे. (रंगीत कड्या दोन फेऱ्यांनी जुळत नाहीत हे माहीत आहे, मी स्प्रॉकेटच्या खुणांबद्दल बोलतोय.)

कॅमला 36 दात, म्हणजे एक दात सरकवला तर क्रँकचे 20 अंश. तसं केलं तर इनटेक अर्धा दात पुढे जाईल, उपयोग शून्य. हेड कधी घासलेलं नाही. घासलं असतं तर एक्झॉस्टही मागे दिसला असता.

म्हणून संशय फेजरवर. हाताने फिरवल्यावर तो टक्क करून अडकतो, पण अडकल्यावरही किंचित हलतो.

कॅम लॉक करायचं टूल नाही, आणि सीलंट लावून कव्हर बसवलं की परत उघडायचं जिवावर येतं. म्हणून आधीच विचारतो: लॉक झालेल्या फेजरमध्ये किती खेळ चालतो? की टेन्शनरमध्ये तेलाचा दाब नसल्यामुळे दोन कॅममधली चेन सैल राहून असं दिसतंय?