मदत हवी आहे: पगार वाढवला, तरी पोरं सोडून चालली
राजेहो, नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत एका छोट्या फॅब्रिकेशन युनिटमध्ये सुपरवायझर आहे. हाताखाली 14 जण. दिवाळीनंतर पगार वाढवला, शनिवारी तर्री-पोहेही सुरू केले. तरी दोन महिन्यांत तीन वेल्डर बुटीबोरीला गेले, तेही जवळपास तेवढ्याच पगारावर!

हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्येच मांडलं होतं: पगार, सोयी नीट असल्या की कुरकुर थांबते, पण कामात जीव ओतायला कौतुक, जबाबदारी, पुढे जायची वाट लागते. डिप्लोमाला पेपरपुरतं पाठ केलं होतं, आता रोज डोळ्यांसमोर दिसतंय. एका पोराने भंगारातल्या अँगलचं जिग (तुकडे जागेवर धरून ठेवणारा साचा) बनवलं, गेटची फ्रेम अर्ध्या वेळात जुळायला लागली. मालक आले अन् म्हणाले, "हे कोणाला विचारून केलं?" तो पोरगा आता सांगितलं तेवढंच करतो.

मालक माणूस वाईट नाही (आवाज मात्र पार रस्त्यापर्यंत जातो), पण प्रत्येक गोष्ट त्यांनाच विचारून व्हायला पाहिजे. थोडे निर्णय कामगारांवर सोडायला मालकाला कोणी पटवलंय का? सुरुवात कुठून केली? बढती द्यायला आमच्याकडे पदंच नाहीत, हेही लक्षात घ्या.