नफा आहे, पण लाभांश द्यायला बँकेत पैसा नाही

प्रश्न
नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची कास्टिंगचे मशिनिंग करणारी घरचीच प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. एमएसएमईत (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांत) ती लघु उद्योग म्हणून नोंदलेली आहे. वार्षिक विक्री 12 कोटी, करोत्तर नफा 90 लाख. काका आणि आत्या भागधारक आहेत, पण कामकाज पाहत नाहीत. यंदा निदान 40 लाख लाभांश मिळावा असा त्यांचा आग्रह आहे. इकडे ग्राहकांचे पैसे यायला सरासरी 120 दिवस लागतात, सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेने खेळत्या भांडवलासाठी दिलेली कर्जमर्यादा) पूर्ण वापरात आहे आणि जीएसटी मात्र वसुली होवो न होवो, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरावाच लागतो. बँकेकडून मर्यादा वाढवून घेऊन लाभांश द्यावा का?

उत्तर 1
माझ्या मते देऊ नये. लाभांश नफ्यातून जाहीर होतो, पण द्यावा लागतो रोखीतून, आणि आपला नफा सध्या ग्राहकांच्या खात्यांत अडकलेला आहे. कंपनी कायदा 2013 नुसार लाभांश जाहीर झाल्यापासून 5 दिवसांत ती रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते आणि 30 दिवसांत भागधारकांना पोहोचवावी लागते. चूक झाल्यास 18 टक्के व्याज तर आहेच, संचालकांवर कारवाईही होऊ शकते. म्हणून रोख हाती नसताना संचालक मंडळाने शिफारसच करू नये. मंडळाने सुचवलेली रक्कम सर्वसाधारण सभेला वाढवता येत नाही.

खरे काम उधारीचे आहे. महिन्याला 1 कोटीची विक्री धरली तर 120 दिवसांत जीएसटी सोडून 4 कोटी बाहेर राहतात. ही मुदत 90 दिवसांवर आली तरी सुमारे 1 कोटी मोकळे होतात. शिवाय 90 दिवसांपुढची येणी बँक साधारणपणे ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे सीसीतून प्रत्यक्ष उचलता येणाऱ्या रकमेच्या हिशोबात, धरत नाही, म्हणजे जुनी थकबाकी आपली सीसीही आतून पोखरते. बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमधली (माल आणि येणी यांच्या तक्त्यातली) येण्यांची यादी ग्राहकवार आणि मुदतवार लावून पाहा. बहुधा दोन-तीन ग्राहकांपाशीच गाठ सापडेल.

उत्तर 2
वरील मताशी सहमत आहे. आपण उत्पादक आणि लघु उद्योग असल्याने 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ग्राहकाने पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. एप्रिल 2024 पासून अशी थकलेली रक्कम ग्राहकाला ती प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, आणि मार्चअखेरीस त्यांच्या लेखा विभागाला हे पत्राने कळवल्यास पैसे लवकर सुटतात. मोठ्या ग्राहकाची बिले ट्रेड्सवर, म्हणजे लघु उद्योगांची बिले वटवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, घालता येतात. ग्राहकाने बिल मान्य केले की पैसे लगेच मिळतात आणि पुढे त्याने बुडवले तरी ते आपल्याकडून परत मागितले जात नाहीत. 120 ऐवजी 30 दिवसांत पैसे देणाऱ्याला 2 टक्के सूट दिली तर ती वर्षाला साधारण 8 टक्के पडते. आपल्या सीसीच्या व्याजदराशी ताडून पाहा.

उत्तर 3
काका-आत्यांची बाजूही लक्षात घ्यावी. कामकाज पाहणाऱ्या संचालकांना दरमहा पगार मिळतो, त्यांना मात्र लाभांशाखेरीज काहीच नाही. तेव्हा नुसता नकार न देता कामकाजातून वर्षभरात आलेल्या निव्वळ रोखीतून कर्जाचे हप्ते आणि यंत्रांचा खर्च वजा करून उरेल त्याचा ठरावीक हिस्सा लाभांश म्हणून द्यायचा, असा लेखी ठराव संचालक मंडळात करा. वसुली सुधारली की वर्षाच्या मध्येच अंतरिम लाभांश देता येईल, आणि येण्यांची ती यादी त्यांनाही दाखवा.