रीबूटनंतर सर्व्हिस फेल होते, हाताने सुरू केली की नीट चालते

निशाचर:
नमस्कार मंडळी. डेबियन लिनक्सवर मी 'नोंदवही' नावाची एक छोटी सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्राम) लिहिली आहे. सेन्सरचे आकडे घ्यायचे आणि दुसऱ्या डिस्कवर लिहायचे, एवढंच तिचं काम. डिस्क /डेटा इथे माउंट होते (त्या फोल्डरला जोडली जाते) आणि युनिट फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, वर्किंगडिरेक्टरी=/डेटा/नोंदी असं दिलंय. मशीन रीबूट झालं की सर्व्हिस मेलेली असते. लॉगिन करून 'सिस्टमसीटीएल स्टार्ट नोंदवही' म्हटलं की मुकाट उठते आणि पुढे आठवडेच्या आठवडे चालते. स्टेटसमध्ये शेवटी 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' असं येतं. मी तर तोवर एकदाही स्टार्ट म्हटलेलं नसतं! रिस्टार्ट=ऑलवेज आहे, आफ्टर=नेटवर्क.टार्गेट आहे. ही दुसरी ओळ एका नमुना फाइलमधून आली, तिची गरज आहे की नाही देव जाणे.

कोरीपाटी:
एनेबल, म्हणजे बूटला आपोआप सुरू होईल अशी, केली आहे ना? नुसत्या स्टार्टने ती तेवढ्यापुरतीच चालते.

निशाचर:
हो, इज-एनेबल्ड विचारलं तर 'एनेबल्ड' येतं. आणि फेल होतेय म्हणजे सुरू करायचा प्रयत्न तर होतोच आहे.

घाईत:
एक्झेकस्टार्टप्री=/बिन/स्लीप ३० टाका (सर्व्हिसच्या आधी तीस सेकंद थांबेल) आणि झोपा निवांत. माझ्याकडे अशा दोन सर्व्हिस चालू आहेत.

जुनीखोडं:
स्लीप इथे चालणारच नाही. वर्किंगडिरेक्टरी ही एक्झेकस्टार्टप्रीलाही लागू असते, त्यामुळे डिरेक्टरी जागेवर नसेल तर तो स्लीपसुद्धा सुरू व्हायच्या आधीच पडेल. चालला असता तरी मी तो लावू दिला नसता. एखाद्या दिवशी डिस्कला एकतिसावा सेकंद लागतो.

निशाचर, स्टेटस फक्त शेवटच्या दहा ओळी दाखवतं आणि तुमचं खरं कारण त्यांच्या वर गेलंय. 'जर्नलसीटीएल -बी -यू नोंदवही' चालवा आणि पहिली चूक वाचा, शेवटची नको. 'रिपीटेड' करणारा सिस्टमडीच आहे, म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम. रिस्टार्टसेक (पुन्हा सुरू करण्याआधी किती थांबायचं) दिलं नाही तर तो १०० मिलिसेकंदांत पुन्हा प्रयत्न करतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की हात टेकतो. म्हणजे तुमचे पाचही प्रयत्न डिस्क अजून डोळे चोळत असतानाच संपतात. एफएसटॅबमधली (कुठली डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीतली) /डेटाची ओळही द्या. तिच्यात नोफेल असणार, पैज लावतो.

निशाचर:
पैज जिंकलात. पहिली चूक 'चेंजिंग टू द रिक्वेस्टेड वर्किंग डिरेक्टरी फेल्ड: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', आणि खाली स्टेटस=२००/सीएचडीआयआर. एफएसटॅबमध्ये 'डिफॉल्ट्स,नोफेल' आहे. डिस्क बाहेरची आहे, ती नसली तरी मशीन बूट व्हायला हवं म्हणून ते मुद्दाम ठेवलंय. काढायचं नाहीये.

जुनीखोडं:
काढूही नका. फक्त नोफेल दोन कामं करतो आणि लोकांना एकच माहीत असतं. डिस्क मिळाली नाही तरी बूट अडत नाही, हे एक. दुसरं म्हणजे लोकल-एफएस.टार्गेट, म्हणजे बूटमधला 'डिस्क माउंट झाल्या' हा टप्पा, त्या माउंटसाठी थांबतच नाही. एरवी सामान्य सर्व्हिस त्या टार्गेटनंतर सुरू होतात, म्हणून डिस्क आपोआप तयार मिळते. नोफेल लिहिलं की ती हमी गेली.

'सिस्टमसीटीएल एडिट नोंदवही' करून युनिट विभागात एवढी एकच ओळ घाला:

रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा/नोंदी

त्या पाथसाठी जे माउंट लागतं ते सिस्टमडी स्वतः शोधतो, आधी ते करायला घेतो आणि मगच सर्व्हिस उठवतो. नेटवर्क.टार्गेटची ओळ सेन्सर याच मशीनला जोडलेला असेल तर काढून टाका. तसंही त्या टार्गेटचा अर्थ 'नेटवर्क लागलं' असा होत नाही, त्यासाठी नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट असतं, आणि ते आफ्टरसोबत वॉन्ट्समध्येही लिहावं लागतं.

आणखी एक. वर्किंगडिरेक्टरी थेट /डेटा असती तर याहून वाईट झालं असतं. माउंट पॉइंटची रिकामी डिरेक्टरी मूळ डिस्कवर असतेच. सर्व्हिस आनंदाने सुरू झाली असती, आकडे तिथे लिहिले असते, आणि वरून डिस्क माउंट झाल्यावर त्या फाइली दिसेनाशा झाल्या असत्या. असं प्रकरण निस्तरलंय मी. मूळ डिस्क भरत चाललेली आणि डीयू (फोल्डरने किती जागा खाल्ली ते सांगणारी कमांड) काहीच सांगत नाही. त्यापेक्षा ही तुमची फेल होणारी सर्व्हिस फार प्रामाणिक.

घाईत:
एक्झेकस्टार्टप्रीलाही वर्किंगडिरेक्टरी लागते हे नव्हतं माहीत. माझ्या सर्व्हिस होममधून चालतात म्हणून निभावतंय बहुतेक.

निशाचर:
ओळ टाकली, रीबूट केलं, सर्व्हिस चालू. डिस्क काढूनही बूट करून पाहिलं: मशीन आलं, नोंदवही 'डिपेंडन्सी फेल्ड' म्हणून बाजूला बसली. हेच हवं होतं. पण नंतर डिस्क जोडून माउंट केली तरी ती आपणहून उठली नाही. रिस्टार्ट=ऑलवेज असूनही?

जुनीखोडं:
डिपेंडन्सी पडली तर सर्व्हिस मुळात सुरूच झालेली नसते, त्यामुळे रिस्टार्ट तिथे लागू होत नाही. मूळ युनिट फाइलच्या इन्स्टॉल विभागात वॉन्टेडबाय=डेटा.माउंट अशी आणखी एक ओळ लिहा आणि 'सिस्टमसीटीएल रीएनेबल नोंदवही' करा. नुसत्या डेमन-रीलोडने (युनिट फाइली पुन्हा वाचायला लावून) त्या विभागाची नवी लिंक तयार होत नाही. मग माउंट झालं की मागोमाग तीही उठेल.